वाक्य संपायच्या आत

४ मे

ताई,

ठरल्याप्रमाणे कागद घेऊन बसलो आहे. मागच्या रविवारी फोनवर आपण दोघांनी मिळून एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाही. शेवटी तू म्हणालीस, यापुढे बाबांबद्दल जे काही असेल ते पत्रात लिही, पत्रात मला मध्ये बोलता येत नाही. रागाने म्हणालीस, पण कल्पना वाईट नाही. ऑफिसात कोणाकडे धड पेन नव्हतं. खालच्या रखवालदाराकडून मागून आणलंय, आणि तो दर थोड्या वेळाने वर येऊन बघून जातोय.

आधी त्या बोलणाऱ्या डबीबद्दल, कारण भांडण तिच्यावरूनच झालं. मी ती चोरून ठेवून आलेलो नाही. बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ठेव, तेवढंच घरात आणखी एक तोंड. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आमची कंपनी ती बनवते आहे. ती औषधाची आठवण करते, विचारलेलं सांगते, कोणी पडलंबिडलं तर घरच्यांना कळवते. ती काय बोलते हे दुसरे लोक बघतात. ती कधी बोलते, एवढंच माझं काम. माणूस बोलता बोलता थांबला, तर त्याचं बोलणं संपलं की तो नुसता थांबलाय? हे तिला ओळखता आलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. मी दोन वर्षं यावर डोकं फोडतोय.

आमच्याकडे एक खोटा दिवाणखाना आहे. सोफा आहे, पडदे आहेत, पडद्यामागे भिंत आहे. कोपऱ्यात स्वयंपाकघर आहे आणि त्याच्या नळाला पाणी नाही. लोकांना बोलावून तिथे बसवतात, घरच्यासारखं वागा म्हणतात, आणि आम्ही काळ्या काचेमागून बघतो. गेल्या महिन्यात एक म्हातारं जोडपं आलं होतं. दोघं मांडीवर हात ठेवून बसले, जणू सोयरीक जुळवायला आलेत. तासाभरात एकमेकांवर एकदाही खेकसले नाहीत. अशा माणसांवरून काय शिकणार? म्हणून खरं घर हवं होतं, आणि मी आपलं दिलं.

घाबरू नकोस, शब्द माझ्यापर्यंत येत नाहीत. स्क्रीनवर फक्त रंगीत पट्ट्या येतात. बाबा बोलले की निळी, तू बोललीस की नारिंगी, डबी बोलली की राखाडी. कोणी बोललं नाही की पांढरं. बस.

बाबा कसे आहेत ते नीट लिही. मला ते फोनवर "मजेत" म्हणतात आणि लगेच फोन तुझ्या हातात देतात.

तुझा,
मीच

१३ मे

भुंग्या,

पत्र मिळालं. ओळी वर चढत गेल्यात, म्हणजे उभ्यानेच लिहिलंस. आईने तुझं नाव भुंग्या ठेवलं ते काही उगाच नाही. पेन परत दे त्या माणसाला.

तुझ्या खोट्या दिवाणखान्याचं वाचून हसू आलं. माझ्या चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर तेच बघते. समोरच्या फळ्यावरचं अक्षर दिसत नसलं तरी माणसं ठोकून देतात. मी कितीही सांगितलं की ही परीक्षा नाही, न दिसणारं अक्षर मला कळायला हवं, तरी त्यांना नापास व्हायचं नसतं. मग चुकीच्या नंबरचा चष्मा लावून महिनाभर डोकं धरून बसतात आणि मलाच शिव्या देतात. तुझ्या काचेपुढे बसणाऱ्यांचंही तसंच होत असणार.

डबी खिडकीजवळच्या फळीवर ठेवली आहे. खरं सांगू? ती फार आगाऊ आहे. बाबांनी "मला जरा" एवढं म्हटलं की ही लगेच, "मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?" अगं बाई, त्यांचं अजून सांगून झालेलं नाही. परवा बाबा मला म्हणाले, "आमच्या कंपनीत असती तर पहिल्या अंकातच हाकलली असती." आता तूच विचार कर. नाटक कंपनीत इतकी वर्षं विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवलेला माणूस. छोट्या दिव्याच्या उजेडात हातात नाटकाचं बाड, एक डोळा कागदावर आणि एक नटावर. नट श्वास घ्यायला थांबला आणि यांनी वाक्य फेकलं तर नट खाऊ की गिळू करत आत यायचा. अशा प्रॉम्प्टरच्या घरात तू हे अधीर कार्टं आणून ठेवलंस.

बाकी बाबांची तब्येत चांगली आहे. फिरायला जातात, जेवतात, पेपर वाचतात. मी दुकान बंद करून रोज त्यांच्याकडेच येते, आता बहुतेक वेळा राहतेच. माझ्या घरी तरी कोण वाट बघतंय. तुझी पत्रं इकडेच पाठव. ते फोनवर कमी बोलतात कारण त्यांना फोन आवडत नाही, तुला माहीत आहे. उगाच अर्थ काढत बसू नकोस.

ताई

१ जून

ताई,

डबीच्या आगाऊपणाची तक्रार पोचली, आणि मी ती मनावर घेतली. आपल्या घरातल्या डबीला मी जास्त थांबायला शिकवलंय. दिवसा बाबा एकटे असतात तेव्हाचा फरक तुला जाणवायचा नाही, पण पट्ट्यांवर दिसतो.

मात्र पट्ट्यांवर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती लिहू की नको यात माझे तीन दिवस गेले. खोलीत येरझाऱ्या घातल्या, बाहेर चालून आलो, परत येऊन बसलो. शेवटी लिहितोच.

संध्याकाळी तू आलीस की निळी पट्टी सुरू होते. थोडं पांढरं येतं. ते पुरतं उमटायच्या आत नारिंगी. पुन्हा निळी, जरासं पांढरं, पुन्हा नारिंगी. ताई, तू बाबांना बोलूच देत नाहीस. एखाद्या दिवशीचं नाही, रोजचं आहे. मला माहीत आहे तू दमून येतेस. पण ते दिवसभर कोणाची तरी वाट बघत असतील, आणि तू आलीस की त्यांचं प्रत्येक वाक्य तूच संपवतेस. लहानपणी पाहुण्यांनी मला प्रश्न विचारला की उत्तर तूच द्यायचीस, आठवतं? बाबा फोनवर का बोलत नाहीत, याचं कारण मला आता कळलं. त्यांची बोलायची सवयच मोडली आहे.

ही पट्टी मी मीटिंगमध्ये दाखवली. कोणाचं घर ते सांगितलं नाही. आमच्या मॅनेजर बाई म्हणाल्या, माझ्या आईशी मी अशीच वागते. मग त्यातूनच एक कल्पना निघाली. वडीलधारं माणूस बोलत असताना कोणी त्याचं वाक्य तोडलं, की डबीने हळूच एक घंटी वाजवायची. पेल्यावर चमचा लागावा तेवढी बारीक. कोणाला दोष देणं नाही, नुसती आठवण. सगळ्यांना ती इतकी आवडली की कालच आपल्या डबीत चालू केली आहे. मला वाटतं ही मी आजवर केलेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

रागावू नकोस. थोडे दिवस करून बघ.

तुझा भुंग्या

१७ जून

भुंग्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलंय. आता जसं येईल तसं लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी राजेकाका आले होते. जन्मभर राजाच्या भूमिका केल्या ते, बाबांचे जुने दोस्त. चहा झाला आणि बाबांनी त्यांचा ठेवणीतला किस्सा सुरू केला, भर दरबारात राजाची दाढी सुटली तो. तुला पाठ आहे, मला पाठ आहे, राजेकाकांवर तर तो प्रत्यक्ष बेतलेला. बाबा सांगत होते, "त्या दिवशी मेकअपवाल्याकडचा" आणि थांबले. मी म्हटलं, डिंक. फळीवरून घंटी वाजली. बाबा पुढे गेले. "महाराज बसले" आणि थांबले. मी म्हटलं, सिंहासनावर. घंटी. राजेकाकांनी इकडेतिकडे बघितलं. मी म्हटलं, भुंग्याचं नवीन खूळ आहे, कोणी मध्ये बोललं की वाजतं. राजेकाका खूश झाले. त्यांना ती गंमत वाटली. मला म्हणाले, "मग तू कशाला सारखी तोंड घालतेस? बोलू दे की त्याला."

मी गप्प बसले.

बाबा "आणि मग ती" म्हणून जे थांबले, ते थांबले. हात हनुवटीकडे गेला, म्हणजे दाढी कळत होती त्यांना, शब्द मात्र येत नव्हता. राजेकाका हसत वाट बघत होते. हसू हळूहळू उतरलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग कपाकडेच बघत राहिले. शेवटी त्यांनीच तो किस्सा घाईघाईने पुरा केला, कसातरी, आणि छत्री विसरून निघून गेले.

आता कळलं तुला? बाबांचे शब्द निसटतात. गेल्या हिवाळ्याआधीपासून. मी डॉक्टरकडे नेलं होतं. माणसं ओळखतात, रस्ते ओळखतात, सगळं समजतं, फक्त शब्द ऐन वेळी जागेवर नसतात. आजार हळूहळू वाढत जाणार आहे, आणि थांबवता येईल असं औषध नाही. तुला सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. म्हणाले, "त्याला कळलं तर तो लगेच काहीतरी यंत्र बनवेल."

मी त्यांचं वाक्य तोडत नव्हते रे. मी त्यांच्या विंगेत उभी होते. दुकानदार असो, शेजारीण असो, फोनवर तू असोस, कोणाला कळायच्या आत मी शब्द पुरवत होते, आणि ते असे झोकात पुढे जायचे की मलाच कधी कधी वाटायचं, काही झालेलंच नाही. शब्द पुरवण्याआधी मी श्वाससुद्धा त्यांच्याबरोबर घेत होते. आणि तू त्यावर घंटी बसवलीस. चार लोकांना दाखवलंस आणि घंटी बसवलीस.

त्या दिवसापासून बाबा बोलत नाहीत. हो, नाही, नको. बस. पेपर समोर धरतात, पान उलटत नाहीत. काल मी विचारलं, बाबा, राग आलाय का? मान हलवली. मला त्यांचं गप्प बसणं सहन होत नाही. अडखळले तरी चालतील, चुकले तरी चालतील, पण बोलायला हवेत. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं सोडलं की शब्द फार लवकर जातात.

तुझी डबी वायर काढून चपलांच्या कपाटात टाकली आहे.

ताई

२२ जून

ताई,

तुझं पत्र जिन्यात वाचलं. लोक वरखाली जात होते, मी तिथेच बसून होतो.

काय लिहू? चुकलो म्हणणं फार स्वस्त आहे. त्याच दिवशी मॅनेजर बाईंकडे गेलो आणि घंटी काढा म्हणालो. त्या म्हणाल्या, बाकीच्या घरांमधून घंटीबद्दल चांगलं बोलतायत लोक, तुमच्या एका घरासाठी कशी काढणार? त्यांचंही बरोबर असेल. मी आपल्या घराच्या पट्ट्या सगळीकडून काढून टाकल्या आणि आपल्या डबीतली घंटी कायमची बंद केली. तुला हवी असेल तर लाव, नको असेल तर कपाटात राहू दे.

त्या पट्ट्या मी पुसण्याआधी परत बघितल्या. तुझं नारिंगी आता वेगळं दिसतं. एवढ्याशा पांढऱ्यात तू शब्द ठेवत होतीस, आणि निळी पुढे चालू व्हायची. पुढे चालू व्हायची, हे मला आधी दिसायला हवं होतं. कोणी वाक्य तोडलं की माणूस गप्प होतो. बाबा गप्प होत नव्हते. माझ्यासारख्या माणसाला हे कळू नये, याची मला फार लाज वाटते.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि तू चिडणार हे मला दिसतंय. तू दुकानात असतानाचे तास. घरात फक्त बाबा आणि डबी, आणि डबीला मी थांबायला शिकवलेलं. तिथे निळी सुरू होते, मग पांढरं, खूप पांढरं, इतकं की मी पहिल्यांदा यंत्र बिघडलं समजलो. आणि मग पुन्हा निळी. जवळजवळ दर वेळी. म्हणजे कोणी शब्द दिला नाही तरी ते उशिराने कुठून तरी वाट काढतात. बरोबर शब्द सापडतो की दुसराच, ते मला माहीत नाही. पण वाक्य पुरं करतात.

म्हणून विचारतो. तू थोडं जास्त थांबून बघशील?

मी लगेच यायला हवं. रजा मागितली तर मिळेलही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. ते माझ्यासमोर अडतील आणि मी काय करू?

तुझा भुंग्या

५ जुलै

भुंग्या,

चिडले. दोन दिवस चिडले. इथे रोज ताटासमोर मी बसते, आणि पांढरं किती, निळं किती ते तू तिथे बसून मला सांगणार. मग विचार केला की बाबा नाहीतरी गप्पच आहेत, गमावण्यासारखं काय उरलंय? म्हणून करून बघितलं.

परवा जेवण झाल्यावर ते पलंगावर बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलायला लागले. "माझी ती" म्हणाले. पलंगावर थोपटलं. त्यांना उशी हवी होती. मला पहिल्या क्षणाला कळलं. माझ्या ओठांवर शब्द आला आणि मी तो दातांखाली धरून ठेवला. हात मांडीखाली घालून बसले, म्हणजे उशी उचलून द्यायला जाणार नाही. थांबले. ते माझ्याकडे बघत होते. मी तोंड हसरं ठेवलं, दुकानात गिऱ्हाईक फळ्यावरचं अक्षर शोधत असतं तेव्हा ठेवते तसं. ते शोधत होते. कपाळावर घाम आला त्यांच्या. मला वाटत होतं, आता येईल, आत्ता येईल, भुंग्या म्हणालाय येतो.

आणि मग ते मला म्हणाले, "तू पण विंगेतून गेलीस?"

हे वाक्य मात्र एका दमात, न अडता.

मी धावत जाऊन उशी दिली, शब्दही दिला, नको तेवढं बोलले. त्यांनी उशी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सांगितलं तर तुझी घंटी, नाही सांगितलं तर मी पळून गेलेली. एकट्याने यंत्रासमोर अडणं वेगळं रे. यंत्राला शब्द माहीत असूनही ते देत नाही, असं वाटत नाही त्यांना. मला माहीत असतो आणि मी देत नाही, हे त्यांना दिसतं.

आता पत्र लिहू नकोस. ये.

ताई

१९ जुलै

ताई,

इकडे परत पोचलो. फोन करायला हवा होता, पण फोनवर मला हे बोलता येणार नाही.

मी तिकडे आलो नसतो तर बरं झालं असतं का? परतीच्या अख्ख्या वाटेवर हाच विचार. पहिल्या संध्याकाळी मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तुमच्याकडे बघत होतो, आणि तू म्हणालीस, समोर येऊन बस, इथे काच नाहीये. मी समोर बसलो. त्यानंतर आपण दोघांनी जे केलं त्याची आठवण आली की मला बसवत नाही. बाबा "बाहेरचं ते" म्हणाले. मी म्हटलं, दार? तू म्हटलंस, टॉवेल. मी म्हटलं, कुंडी, ते खिडकीकडे बघतायत. तू म्हटलंस, मी रोज असते इथे, मला माहीत आहे. आणि आपण भांडायला लागलो, ताई, त्यांना काय हवंय यावरून, ते समोर बसलेले असताना. त्यांनी टेबलावर हात आपटला तेव्हा कुठे आपल्याला आठवलं की ते तिथेच आहेत. मग ते उठून स्वतःच बाहेर गेले. काय हवं होतं ते आपल्याला अजून माहीत नाही.

निघताना तू गाडीत बॅग ठेवत होतीस तेव्हा बाबा दारापर्यंत आले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि "तू ते" म्हणाले. थांबले. चालकाने हॉर्न दिला. आणि मी म्हटलं, "हो बाबा, पोचल्यावर फोन करतो." त्यांना ते म्हणायचं नव्हतं, हे मला मनगटावरूनच कळत होतं. तरी मी वाक्य संपवलं आणि निघालो. घाबरलो होतो.

इथे आल्यावर काम बदलून मागितलं. घंटी दुसरे लोक सांभाळतील. आज दुपारी कोणी नव्हतं तेव्हा त्या खोट्या दिवाणखान्यात जाऊन बसलो होतो. किती थांबायचं, एवढं एकच मला कळायला हवं, त्यासाठीच मला ठेवलंय, आणि मला कळत नाही.

बाबांना विचार ना, दारात काय म्हणायचं होतं? किंवा नको. मला माहीत नाही. तूच ठरव.

तुझा भुंग्या

२७ जुलै

भुंग्या,

सोबत बाबांचं पत्र आहे. आठवडाभर लिहीत होते. मला खोलीत येऊ दिलं नाही, शब्द विचारला नाही, कागद मात्र दोनदा मागवले. एक तुला, एक मला, मजकूर एकच आहे असं म्हणतात. शनिवारी संध्याकाळी दोघांनी एकाच वेळी उघडायचं, दिवे लागल्यावर. माझं टेबलावर आहे आणि मी त्याच्याभोवती फेऱ्या मारते आहे. या वेळी तूही त्याआधी उघडू नकोस.

ताई

मुलांनो,

जिथे रेघ दिसेल तिथे शब्द आला नाही. त्यावर अंदाज बांधत बसू नका. तुम्हाला दोघांना ती खोड आहे.

तुम्ही माझ्याबद्दल एकमेकांना लिहिता हे मला माहीत आहे. पोस्टमन पत्रं माझ्याच हातात देतो. मी उघडली नाहीत. पत्र आल्यावर ताई जेवायला कशी बसते, त्यावरून आत काय असेल ते कळतं.

मी इतकी वर्षं विंगेत काढली. लोक म्हणायचे, नट अडला की नुसता थांबला, हे यांना बरोबर कळतं. मला कळत नव्हतं. मी अंदाजाने सांगायचो. पुष्कळदा चुकायचो आणि नट माझी चूक ______ घ्यायचे. राजेला विचारा. दुसरा इलाजच नव्हता. समोर लोक बसलेले असतात. विंगेतून "सांगू का?" असं विचारलं तर नाटक तिथेच पडेल.

पण आपल्या घरात बघायला कोण बसलंय? तुम्ही मला शब्द दिलेत, घंटी लावलीत, गप्प बसून माझ्याकडे बघितलंत, माझ्यासमोर भांडलात. एवढं सगळं केलंत, पण मला कोणी विचारलं नाही. विचारा. मी हो म्हटलं तर सांगा. नको म्हटलं तर थांबा, मग मला सापडो नाहीतर न सापडो, मी चिडलो तरी थांबा. ताई, त्या दिवशी उशीच्या वेळी मी जे बोललो ते तू मनाला लावून घेतलंस. मला तुझी ______ वाटली होती. आता नाही वाटत.

भुंग्या, दारात मला म्हणायचं होतं, तू ते यंत्र बनवलंस म्हणून मी रागावलेलो नाही. चपलांच्या कपाटातून काढून मी ते माझ्या खोलीत लावलंय. ताईला माहीत नाही. मूर्ख आहे ते. पण "मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?" असं तोंडाने विचारतं तरी. त्याच्याशी बोलून बोलून मी हे पत्र ______ केलं. म्हणजे आधी बोललो, मग लिहिलं.

मी पुन्हा बोलणार आहे. लोकांसमोर अडलो तर अडलो. राजेला निरोप द्या, छत्री न्यायला ये आणि बस.

आता एक गोष्ट, जी तुम्ही मला न विचारता सांगायची. पत्र लिहायला घेतलं त्या दिवशी सकाळी उठलो आणि तुमच्या आईचं नाव नव्हतं. तिचा चेहरा आहे. आवाज आहे. चिडली की दार कसं लावून घ्यायची तेही आहे. नाव नाही. फोटोच्या मागे बघितलं, तिथे नुसतं वर्ष आहे. कागद ताईकडे आहेत, पण मागितले असते तर ती समजली असती आणि रडली असती. यंत्राला विचारलं, त्याला माहीत नाही. मी पुष्कळ थांबलो. दिवसच्या दिवस थांबलो. येत नाही.

शनिवारी तुम्ही हे उघडाल तेव्हा मी फोनपाशी बसलेला असेन. ताई समोर असेल. भुंग्या, तू फोन लाव, आणि सांगा. दोघं एकदम बोललात तरी चालेल.

बाबा